वरातीची जीप आणि पहिली वीस मिनिटं

बजरंग गराडे यांनी आयुष्यात फारसं कुणाला ओव्हरटेक केलेलं नाही. टाकवे बुद्रुकपासून सोमाटण्यापर्यंत सगळे त्यांना ओळखतात ते वरातीचे बजरंगभाऊ म्हणून. पंचवीसेक वर्षं त्यांची उघडी जीप मावळातले नवरदेव मिरवत आली आहे, आणि नवरदेव मिरवायचा तर माणसाच्या चालीनं जावं लागतं. पुढे बँड, बँडपुढे नाचणारी पोरं, पोरांपुढे उलटं चालत मोबाईलवर व्हिडिओ काढणारा एखादा मामा. या सगळ्यांच्या मागून, कुणाच्या टाचेला चाक लागू न देता, गाडी बंद पडू न देता आणि नवरदेवाचा फेटा हलू न देता सरकत राहायचं, हे भल्याभल्या ड्रायव्हरांना जमत नाही. भाऊंचा पाय मात्र ॲक्सिलरेटरवर असा असायचा, जसा सुगरणीचा हात दुधाच्या पातेल्याखालच्या गॅसच्या बटणावर.

त्या सावकाशीचा त्यांना अभिमान होता. "रेस काय, कुनीबी करतंय. मानसाच्या चालीनं चालवून दावा," असं ते नव्या पोरांना ऐकवायचे. बायकोचं मत वेगळं होतं. "ह्यांच्यासंगं तळेगावच्या बाजारात गेलं की परत येईस्तोवर मेथी सुकती," सविता म्हणायची. भाऊ त्यावर मिशीत हसायचे आणि वेग तोच ठेवायचे.

त्यांची मुलगी कोमल तळेगावला दातांच्या दवाखान्यात काम करते. तिचं लग्न सोमाटण्याच्या सत्यमशी ठरलं, वैशाखातली तारीख निघाली, आणि बापाकडे तिनं एकच मागणं मागितलं.

"पप्पा, मला फुलांची चादर नको, धूर सोडायचं मशिन नको, नाचत यायचं तर अजिबात नको. कार्यालयाच्या फाटकापासून मांडवापर्यंत मी आपल्या जीपमधून येनार. आणि चालवायची तुमी."

"मी? नवरीचा बाप गाडी चालवतू का कुटं?"

"सगळ्या गावाचे जावई मिरवले तुमी. लेकीला नेता येत न्हाई व्हय?"

भाऊ म्हणाले, "बघू." मग उठून गोठ्यामागच्या शेडमध्ये गेले आणि पुसलेलं बॉनेट पुन्हा पुसत बसले. सवितानं स्वयंपाकघरातून ते पाहिलं आणि लेकीला खूण केली की झालं काम.

अडचण एकच होती. जीप म्हातारी झाली होती. ऑइल प्यायची, धूर सोडायची, आणि मागच्या लग्नसराईत एका नवरदेवाची पांढरी शेरवानी काळपट झाली तेव्हा त्याच्या आईनं भर मंडपात भाऊंना दोन शब्द सुनावले होते. इंजिन उघडणं भाग होतं.

लोणावळ्यात वलवणच्या बाजूला विहंग नावाच्या तरुणाचं गॅरेज आहे. इंजिनियरिंग केल्यावर नोकरीच्या वाटेला न जाता त्यानं चिखलातल्या शर्यतींच्या जीप बांधायला घेतल्या. त्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांची चाकं भाऊंच्या छातीला लागतील एवढी.

"बजरंगभाऊ, इंजिन उघडतोच आहोत तर मोठे पिस्टन टाकू," विहंग म्हणाला. "आणि कॅम पण तगडा बसवू. असा आवाज येईल ना, पोरं स्वतःहून डीजे बंद करतील."

आवाजाचं नाव काढलं तसे भाऊ विरघळले. हल्ली प्रत्येक नवरदेवाचा एक मित्र विचारायचाच, "काका, गाडीला धडधड न्हाई का?" भाऊंनी मान डोलावली.

इंजिनाच्या पोटात कॅमशाफ्ट नावाचा एक दांडा असतो. पोळीच्या लाटण्यावर ओळीनं अर्धी अर्धी अंडी चिकटवावीत, तसा दिसतो. तो फिरला की एकेक अंडं आपापल्या टॅपेटला वर ढकलतं, टॅपेट व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन श्वास घेतं. अंडं खाली गेलं की स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटून टाकते. विहंगनं बसवलेल्या कॅमची अंडी नेहमीपेक्षा उंच होती आणि स्प्रिंगा नेहमीपेक्षा कडक. म्हणजे श्वास मोठा, आणि आवाजही.

"परवा सकाळी या," सगळं जोडून झाल्यावर तो म्हणाला. "पहिलं स्टार्टिंग मी करून देतो. ते माझ्यावर सोडा."

भाऊ व्हय म्हणून घरी आले. पण घरी भामाबाई होत्या.

भामाबाई म्हणजे भाऊंच्या आई. वय विचारलं तर त्या समोरच्याचंच वय विचारतात. त्यांच्या घरात कुठलंही यंत्र हळदकुंकू लागल्याशिवाय सुरू झालेलं नाही. बोअरची मोटर, पिठाची घरगुती गिरणी, मिक्सर. कोमलच्या लॅपटॉपलासुद्धा त्यांनी कुंकू लावलं होतं आणि ते कळांच्या फटीत अडकून एक अक्षर कायमचं रुतलं होतं.

"नवं इंजिन हाय म्हनतूस," त्या म्हणाल्या, "मंग पयला श्वास परक्याच्या दारात घ्यायचा का तिनं?"

"आई, तो विहंगशेठ म्हनत होता..."

"त्याच्या घरी म्हातारं मानूस हाय का कुनी? न्हाई ना? मंग त्याला काय ठावं."

भाऊंना आईचं पटलंच. मुळात त्यांच्याही मनात तेच होतं. दुसऱ्या दिवशी विहंग गिअरबॉक्स आणायला पुण्याला गेलेला असताना भाऊ त्यांच्या मित्राला, सोपानला, त्याच्या ट्रॅक्टरसकट घेऊन गॅरेजवर हजर झाले. तिथल्या रंगाऱ्याला वाटलं, मालकाशी बोलणं झालं असेल. साखळी अडकवली आणि न सुरू केलेली जीप ट्रॅक्टरमागे निघाली. कार्ला गेलं, कामशेतची खिंड गेली, कान्ह्याचं रेल्वे फाटक गेलं. भाऊ स्टिअरिंग धरून बसले होते. ट्रॅक्टरची चाल त्यांच्या चालीशी इतकी जुळत होती, की आपली गाडी कुणी ओढतंय असं त्यांना वाटलंच नाही.

दारात रांगोळी तयार होती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, चाकांखाली लिंबं गेली, नारळ फुटला. भाऊंनी देवाचं नाव घेऊन स्टार्टर मारला आणि दुसऱ्या फेरीला इंजिन धडाडून उठलं. शेजारची म्हैस दावं ओढायला लागली.

"अगं बया!" भामाबाई दोन पावलं मागं सरल्या. "एवढी का वरडती? हळू कर की रं! तान्हं लेकरू हाय ते."

भाऊंनी कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून इंजिनाचा वेग उतरवत आणला. आणखी उतरवला. बंद पडेल पडेल असं वाटावं पण पडू नये, इतका. ती त्यांची खरी हातोटी. इंजिन धड... धड... धड करत राहिलं आणि भामाबाईंनी आरती सुरू केली. आरती झाली, मग गल्लीतल्या बायका ताटं घेऊन आल्या. मग पेढे. मग प्रत्येकाला सीटवर बसून फोटो पाहिजे. पूजेत यंत्र बंद पडलं तर अपशकुन, म्हणून बंद करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. तासभर जीप तशीच, लाजत श्वास घेत उभी होती.

संध्याकाळी विहंगचा फोन आला. "भाऊ, गाडी कुठंय?"

"घरी! सुरूबी झाली. आईनं आरती केली."

"किती वेळ चालू होती?"

"तासभर असंल. पर एकदम स्लो. जरासुदीक रेस केली न्हाई. तुमी काळजी करू नगा."

पलीकडून काहीतरी लोखंडी खाली पडल्याचा आवाज आला.

"भाऊ," विहंग म्हणाला, "टक-टक आवाज आला तर चालवू नका. तशीच घेऊन या."

मेकॅनिक लोकांना काळजी करायची सवयच असते, असं म्हणून भाऊंनी फोन ठेवला.

टक-टक आली. आधी गार इंजिनात, मग गरम इंजिनातही. सविताच्या शिलाई मशिनसारखी, एकसारखी. भाऊंनी स्वतःच टॅपेटची, म्हणजे टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली, फट बसवून घेतली आणि आवाज गेला. दोन दिवसांनी परत आला. पुन्हा बसवली, पुन्हा आला. पेट्रोलात भेसळ असेल, सोपान म्हणाला. हवा बदलली म्हणून असेल, भाऊ म्हणाले. विहंगला फोन करायचं मात्र ते टाळत राहिले. ज्याचं उत्तर ऐकायचं नाही तो प्रश्न विचारायचा कशाला, असा तो हिशेब होता.

उत्तर घोरावाडीच्या लग्नात मिळालं. वरात रंगात आली असताना जीपच्या कार्ब्युरेटरमधून फाट् असा बार उडाला. बँडवाल्यांना वाटलं फटाके सुरू झाले, त्यांनी चाल बदलून जोर धरला. दुसरा बार उडाला तशी पोरांनी शिट्ट्या मारल्या. तिसऱ्याला जीप हबकून बंद पडली ती पडलीच. मग नवरदेवाच्या मित्रांनी ती मंडपापर्यंत ढकलत नेली. ढकलता ढकलता एकजण म्हणाला, "काका, ह्या येगानं तर तुमी नेहमीच नेता की! पेट्रोल वाचलं."

सगळे हसले. भाऊही हसले. पण त्यांच्या डोळ्यांपुढे सोमाटण्याचं कार्यालय आलं, फाटकात अडलेली जीप आली, आणि तिच्यात नऊवारी नेसून, अवघडून बसलेली कोमल आली. दुसऱ्या दिवशी जीप पुन्हा ट्रॅक्टरमागे लोणावळ्याला गेली.

विहंगनं कॅम बाहेर काढून टेबलावर ठेवला आणि शेजारी भाऊंच्या जुन्या इंजिनाचा कॅम ठेवला.   जुन्याची अंडी वापरून वापरून गुळगुळीत झाली होती, पण अंडीच होती. नव्याची तीन झिजून बोथट झालेली आणि एक तर जवळजवळ गोल. टॅपेटचे तळ असे खोलगट झाले होते, की त्यात चिमूटभर कुंकू राहिलं असतं. आणि ऑइलमध्ये बारीक चकाकी होती, जरीचा चुरा सांडल्यासारखी.

"एवढं हळू चालवूनबी?" भाऊ म्हणाले.

"हळू चालवलं म्हणूनच." विहंगनं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "भाऊ, कॅमला ऑइलची वेगळी नळी नसते. खाली पिस्टननं फिरणारी क्रँक असते, ती जोरात फिरते, ती ऑइल उडवते, त्या शिंतोड्यांवर याचं भागतं. क्रँक हळू फिरली की शिंतोडे वर पोचतच नाहीत. आणि नवा कॅम, नवे टॅपेट पहिल्या वीस मिनिटांत एकमेकांवर घासून बसायचे असतात. तेवढा वेळ इंजिन ओरडतं ठेवायचं. तुम्ही नेमकं त्याच वेळेत त्याला कुजबुजायला लावलंत. वरून माझ्या स्प्रिंगा कडक." तो थांबला. "चूक माझीही आहे. माझ्यावर सोडा म्हणालो, पण का ते सांगितलं नाही."

भाऊंनी बोथट अंड्यावरून अंगठा फिरवला. ज्या सावकाशीवर आयुष्य काढलं तिनंच घात केला, हे एक. पण त्याहून अवघड दुसरं होतं. घरी काय सांगायचं? आईच्या आरतीनं इंजिन गेलं म्हणून?

"पार्ट खराब निगाला," त्यांनी घरी सांगितलं.

चार दिवस ते चाललंही. पण कोमलला धीर धरवेना. तिनं परस्पर विहंगला फोन लावला आणि सगळी हकीकत काढून घेतली. रात्रीची भाकरी थापली जात असताना ती बोलून गेली, "खराब पार्ट काय न्हाई पप्पा! आजीच्या आरतीत तासभर चालू ठिवली म्हणून झालं सगळं."

बोलली आणि जीभ चावली. उशीर झाला होता. भामाबाई ताटावरून उठल्या नाहीत, रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. जेवल्या, हात धुतला आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस."

दुसऱ्या दिवशी कळलं ते काय होतं. हळदीचं मुसळ काढलं, भामाबाईंनी हात लावला नाही. "सविता करंल." कुलदैवताचा टाक उजळायचा होता. "सविता करंल." नातीला पहिली हळद आजीनं लावायची, ही घरातली रीत, त्यावरही तेच. "माजा हात नगं. हाताला गुन न्हाई ऱ्हायला."

"आजी, मी चुकून बोलले गं," कोमल गळ्यात पडली.

"खरं तेच बोललीस की. त्यात चुकायचं काय."

जीप दुरुस्त होईल की नाही, ही काळजी आता निम्मीच उरली होती. भाऊंना कळून चुकलं, की नुसती जीप चालू होऊन भागणार नाही.

विहंगनं या वेळी साधा कॅम बनवून आणला, कंपनीच्या मूळ मापाचा. "तुमचं काम चालीचं आहे, तुम्हाला शर्यतीचा श्वास कशाला?" तो म्हणाला. इंजिनाचं पोट धुऊन काढलं, कॅमच्या अंड्यांना वंगणाची काळी पेस्ट चोपडली, पहिल्या स्टार्टिंगपुरत्या जुन्या नरम स्प्रिंगा घातल्या, आणि भाऊंना निरोप धाडला, की या. या वेळी का ते पण सांगतो.

भाऊ आईपुढे जाऊन उभे राहिले. "आई, चल लोनावळ्याला."

"मी कशाला? उरलीसुरलीबी जाईल."

"तू न्हाई आलीस तर मी सुरू करनार न्हाई. मंग जाऊ दे कोमलला रिक्षात."

भामाबाईंनी लेकाकडे नीट पाहिलं. मग लुगड्याचा पदर खोचला आणि ताटाची तयारी करायला लागल्या.

गॅरेजमध्ये त्या सरळ विहंगपुढे गेल्या. "तूच का रं तो विंजनेर? सरळ सांग. माज्या आरतीनं बिगडली का गाडी?"

विहंग गडबडला. भाऊंकडे बघावं की आजींकडे हे त्याला कळेना. "नाही आजी. आरतीनं नाही. ती हळू चालली ना, त्यानं."

"म्हंजी जोरात चालली तर चालतंय?"

"जोरातच चालली पाहिजे. पहिली वीस मिनिटं. अजिबात खाली यायचं नाही."

भामाबाईंनी ताटातली वात पुढे सारली. "मंग आरती फाष्ट म्हनू," त्या म्हणाल्या. "देवाला काय, त्यो ऐकतूय."

विहंगला हसू आवरेना. भाऊंनी रुमाल काढून उगाच घाम पुसला.

विहंगनं इंजिनाला वेग दाखवणारा काटा जोडला, पाण्याच्या नळीवर हात ठेवला आणि भाऊंना सीटवर बसवलं. "दोन हजाराच्या खाली आणायचा नाही. मी हात करेपर्यंत पाय उचलायचा नाही. मारा."

इंजिन पेटलं. भाऊंनी पाय दाबला आणि शेडचे पत्रे थरथरले. काटा चढला. भामाबाईंनी निरांजन ओवाळायला घेतलं. त्यांचे ओठ भराभर हलत होते, शब्द एकही ऐकू येत नव्हता. रस्त्यावरून चिक्की घेऊन चाललेलं एक कुटुंब थांबून आत डोकावलं.

आणि भाऊंचा पाय ढिला पडला. मुद्दाम नाही. पायालाच ते सहन होईना. एवढी वर्षं ज्याला आवाज चढू द्यायचा नाही हे शिकवलं, तो पाय देवाच्या ताटासमोर आरडाओरडा कसा करणार? काटा खाली घसरला. विहंगचे दोन्ही हात गुंतलेले, तो नुसताच मान हलवत ओरडत होता.

"बजरंगा!" त्या गदारोळातही तो आवाज बरोबर पोचला. ताट एका हातात सावरून भामाबाई जीपच्या दाराशी आल्या होत्या. "दाब! दाब की मेल्या! पुन्यांदा माज्या डोसक्यावर खापर फोडतूस व्हय?"

भाऊंनी पाय दाबला तो दाबलाच. भामाबाई दाराला धरून उभ्या राहिल्या. आरती संपली, त्यांनी दुसरी घेतली. दुसरी संपली, तिसरी घेतली. तिसरीतलं कडवं अडलं तेव्हा पहिलीच पुन्हा सुरू केली. धुरानं डोळ्यांत पाणी आलं, त्या हलल्या नाहीत. भाऊंच्या पोटरीला पेटका आला, त्यांनी सांगितलं नाही. शेवटी विहंगनं हात उंच केला आणि इंजिन बंद झालं. लोणावळा एकदम बहिरा झाल्यासारखा वाटला.

विहंगनं झाकण काढून एकेका टॅपेटची फट मोजली. भाऊ त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, भामाबाई त्याच्या हाताकडे.

"जशी लावली होती तशीच आहे," तो म्हणाला. "झीज नाही. बसला कॅम. आता खऱ्या स्प्रिंगा घालतो. मग हवी तेवढी हळू चालवा, आजी, जन्मभर."

भामाबाईंनी ताटातलं कुंकू घेतलं. बॉनेट तापलं होतं, तरी बोट टेकवून टिळा लावला. मग उरलेलं विहंगच्या कपाळाला. "पोरीची हळद पुडच्या सोमवारी हाय," त्या त्याला म्हणाल्या. "ये. पयली मी लावनार हाय, मंग बाकीच्यांनी."

लग्नाच्या दिवशी सोमाटण्याच्या कार्यालयात स्पीकरवर सनई लागली होती आणि फाटकाबाहेर जीप झेंडूच्या माळा घालून उभी होती. भाऊंनी फेटा बांधला होता. मागच्या सीटवर कोमल बसली, शेजारी करवली म्हणून मावसबहीण प्रतीक्षा बसली आणि भामाबाई कुणी न सांगता पुढे चढल्या.

"काका, जरा स्लो हां," फोटोग्राफर उलटं चालत ओरडला. "अजून स्लो. अजून... बास! असंच ठेवा!"

भाऊंना हसू आलं. त्यांनी पाय अलगद उचलला. जीप पाहुण्यांच्या मधून निघाली. कुणाचा पदर चाकात आला नाही, कुणाची टाच दुखली नाही. भाऊ सवयीनं कान देऊन होते, पण टक-टक नव्हती. व्हॉल्व्ह उघडत होते, मिटत होते, त्यांचं त्यांनाच माहीत. इंजिन इतकं शांत होतं, की मागून कोमल हळूच बोलली ते त्यांना स्पष्ट ऐकू आलं.

"पप्पा, डोळे पुसा आधी. म्होरं वधूपिता म्हणून फोटो काढनारेत, आणि तुमी चाललाय सरळ केळीच्या खांबावर."